दोघंही वाहक

सिकलसेलची तपासणी लग्नाआधी करायचीच, हा हट्ट मोगीचा होता. तिचा धाकटा भाऊ त्याच आजाराने गेला होता. तालुक्याच्या दवाखान्यात दिलवरने तिच्या शेजारी बसून हसत हसत रक्त दिलं.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टर मॅडमनी दोघांना समोर बसवलं. "तुम्ही दोघंही वाहक आहात. तुम्हाला त्रास होणार नाही. पण तुमच्या मुलाला हा आजार होऊ शकतो."

बाहेर येताच दिलवर म्हणाला, "मग आपण मूलच होऊ द्यायचं नाही. मला तू पुरेशी आहेस, मोगी."

तो मनापासून बोलत होता. पण थंडीत ठणकणारे भावाचे पाय मोगीने कितीदा चेपले होते. तसं दुखणारं मूल तिला नको होतं, आणि मुलाशिवायही राहायचं नव्हतं. पायरीवर बसून ती खूप रडली. मग त्याच्या मोटरसायकलवर न बसता जीपने एकटीच गावी गेली.

आई दारातच उभी होती. आपल्या रक्तातला दोष लेकीतही उतरलाय हे कळलं असतं, तर ती पुन्हा खचली असती.

"लग्न मोडलं, आई," मोगी म्हणाली. "मला दिलवर आवडत नाही."