तिसऱ्या सिलिंडरचा प्लग

भिलाईच्या स्टील प्लांटमधल्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत शालिकराम लांजेवारांनी लॉगबुकात एकही खोटी नोंद केली नव्हती. पहिली त्यांनी निवृत्तीच्या तिसऱ्या वर्षी, एका रविवारी सकाळी नऊ वाजता करायला घेतली. तीही एका जुन्या छोट्या गाडीसाठी.

गाडी २००६ ची. तिची सर्विसिंग घरीच व्हायची, कारण दर रविवारी साडेनऊला पुण्याहून लेकीचा, भूमिकाचा फोन यायचा. ती तिथल्या एका लॅबमध्ये गाड्यांचा धूर तपासायची. फोनवर ती एकच प्रश्न विचारायची, "गाडी कशी आहे?" ठीक असली तर फोन चाळीस सेकंदांत संपायचा. फेब्रुवारीत इंजिनाचा पट्टा कुरकुरला, तेव्हा बावीस मिनिटं चालला होता. बापलेकीत दुसरा विषय अजून निघालेला नव्हता.

गाडी दोन महिन्यांपासून एकदम ठीक होती.

शालिकरामांनी बॉनेट उघडलं, तिसऱ्या सिलिंडरचा चकचकीत प्लग काढला आणि डब्यातला काजळी धरलेला जुना प्लग त्या जागी बसवला. पायरीवर मटार सोलत बसलेली त्यांची बायको गयाबाई बघत होती.

"अवो, चांगला काढून सडका कावून लावून राहिले?"

"तपासून राहिलो."

"तपासा. माया गुडघ्यालेही एखादा जुना बसवून द्या. पोरगी घंटाभर बोलंल."

शालिकरामांनी गाडीचं लॉगबुक उघडून लिहिलं : 'तिसरा प्लग आपोआप खराब.' मग हात पुसले. फोन वाजला.

"बाबा, गाडी कैसी है?"

"थोडी थरथरते. उद्या सुपेल्याले पीयूसी आहे."

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. भूमिकानं व्हिडिओ चालू केला. केस ओले होते, आणि ती शालिकरामांना वाळल्यासारखी वाटली. पण तो काही गाडीतला बिघाड नव्हता.

"मागच्या वेळी एचसी किती आला होता?"

"तीनशे दहा."

न जळता धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या पेट्रोलचा हा आकडा. या गाडीला साडेसातशेपर्यंत माफ होता.

"फिर तो बहुत मार्जिन आहे. प्लग खोला. एक-एक करके दिखाओ."

पहिला दाखवून झाला. दुसरा झाला. तिसरा त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला.

"पास लाओ. और पास."

प्लांटमध्ये बसवलेल्या प्रत्येक वस्तूवर तारीख टाकायची शिस्त होती, आणि शालिकरामांनी ती घरी आणली होती. भूमिकाच्या शाळेतल्या कंपासच्या टोकानं ते प्रत्येक प्लगवर तारीख कोरायचे. या प्लगवर कोरलं होतं : मार्च २०१९.

पुण्यातला पंखा भिलाईत ऐकू येऊ लागला. गयाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"बाबा, हा तर मीच काढला होता ना? दिवाळीत."

शालिकरामांनी इंजिनाकडे पाहिलं. तिथून काही मदत आली नाही.

"हो का," ते म्हणाले.

"हं."

मग भूमिकानं फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि पाय वर घेऊन बसली.

"बरं. तोच परत लावा. आता चौथा दाखवा. आरामात, बाबा. मले आज काही जल्दी नाही."

चौथा प्लग झाला. मग एअर फिल्टर, बॅटरीचं पाणी, टायरांची हवा झाली. मग भूमिकानं वायपर दाखवायला सांगितलं. धुराच्या नियमांत वायपर कुठेही येत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. शेवटी गयाबाईच्या गुडघ्याचीही पाळी आली. तोही कॅमेऱ्यासमोर धरण्यात आला.

फोन एकेचाळीस मिनिटं चालला.

सोमवारी सुपेल्यात पीयूसीवाल्या विक्कीनं सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि पडद्याकडे बघून मान हलवली.

"अंकल, अकरा सौ अस्सी. सर्विसिंग कराके लाओ."

"रविवारी करतो," शालिकराम म्हणाले.

मर्यादा साडेसातशेची होती. गाडी नापास झाली.