परवाची रात्र

दोरीवरचं पांढरं लुगडं वाळलं होतं. अनुपनं त्याची नीट घडी घालून ते आईच्या पिशवीत ठेवलं. दारात गाडी उभी होती. उकंडराव काकांनी होकार दिला की आई अकोल्याला डोक्याच्या दवाखान्यात जाणार होती आणि तिथून वृद्धाश्रमात, कायमची.

असा लेक धनज गावात दुसरा नव्हता. वाशीमची नोकरी सांभाळून तो सवड काढून आईकडे यायचा, तिचे पाय चेपायचा. वावराचा भारही त्यानं आपणहून डोक्यावर घेतला होता. आईला विसर पडतोय हेही आधी त्याच्याच लक्षात आलं. मागच्या महिन्यात रात्री तिनं गॅस चालू ठेवला. नशीब, तो वेळेवर पोचला.

"काका, परवा राती तिले म्या माह्या हातानं पिठलं-भाकर चारली," अनुप काकांना सांगू लागला. "अन् घटकाभरानं म्हणते, मी उपाशीच हाओ."

सहा महिने हेच ऐकून आईचा, विमलबाईंचा, स्वतःवरचा भरवसा उडाला होता. "मले तर परवा विहारात असल्यासारखं वाटते," त्या पुटपुटल्या. "पण तू म्हणतं तं जेवली असन बापा."

अनुपनं काकांकडे नुसतं पाहिलं. आईची त्याला खरंच कीव आली. काकांनी डोळे पुसले.

तेवढ्यात शेजारची रत्नमाला निरोप द्यायला आली. तिच्या काखेत एक चादर होती.

"विमलबाई, तुही चादर माह्या वळकटीत आली वं. परवा पोर्णिमेच्या राती विहारात झोपलो, तवाची."

पौर्णिमेला या दोघी अष्टशील, म्हणजे उपासनेचे आठ नियम, घेत. पांढरं लुगडं नेसत, दुपारनंतर अन्नाला शिवत नसत आणि रात्र विहारातच काढत. लहानपणी अनुप त्याच लुगड्याचा पदर धरून विहारात जायचा. वाशीमला गेल्यापासून पौर्णिमा कधी येते नि कधी जाते, हे त्याला कळत नव्हतं.

अनुप हसायला गेला, पण ते जमलं नाही.

विमलबाईंनी चादर हातात घेतली. ती आपलीच आहे हे पटल्यावर त्यांनी लेकाकडे पाहिलं.

"भाऊजी," त्या उकंडरावांना म्हणाल्या, "मंग मागच्या महिन्यात गॅसबी मी चालू ठेवला नव्हता."