माउसला हात न लावता

“कुनाला काय सांगू नको. इचारलं तर बोल, नायतर गप र्‍हा,” मिथुनने ऑफिसच्या दारात तिचा हात सोडता सोडता पुन्हा एकदा बजावलं. “मी खालीच हाय, बाईकजवळ.”

“बरं रे दादा. आता किती वेळा सांगशील!” समृद्धी म्हणाली.

नवीन पनवेलमधलं हे ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. बंदरातून येणाऱ्या कंटेनरांची कागदपत्रं इथे तयार व्हायची. याआधी तीन ठिकाणी तिला परीक्षेपर्यंत पोचूच दिलं नव्हतं. बघताक्षणी लोकांचा आवाज मऊ व्हायचा, चहा यायचा आणि ‘कळवतो हं’ म्हणून बोळवण व्हायची. आज चौथी खेप. ही नोकरी तिला हवीच होती. नाहीतर आहेच, जन्मभर गव्हाणच्या घरी ओटीवर कोलंबी सोलत बसायचं, आणि वहिनीने वाढलेलं गुमान खायचं.

इंद्रजीत साहेब फोनवरच होते. फोन न ठेवताच त्यांनी काम सांगितलं.

“फाइल उघडलेली आहे. साडेतीनशे कंटेनरांची यादी. दोनदा आलेले नंबर उडवा, जुना यार्ड कोड बदलून पी-सात करा आणि सगळं तारखेप्रमाणे लावा. अर्धा तास देतो. सकाळच्या दोघांना तासभर पुरला नाही. कमळाबाई, यांना बसवा हो.”

झाडूवाल्या कमळाबाईंनी तिचं मनगट धरलं. “ये गो बाय,” म्हणत तिला खुर्चीपर्यंत नेलं.

“सर, माझा पेनड्राईव्ह लावू का? आणि हेडफोन?”

“गाणी ऐकत काम करणार?”

“कानात आवाज असला की बोटं चालतात, सर. सवयच झालीय.”

“आजकालची मुलं!” साहेब पुटपुटले. “लावा. व्हायरस नाही ना त्यात? बघा बुवा.”

तिने पेनड्राईव्ह लावला, चार-पाच कळा दाबल्या आणि कानात तो बोलायला लागला. घाईत, नाकातून, जराही न हसता. आईला तो मुळीच आवडायचा नाही. ‘मेल्याला कोनी मारतंय का काय,’ म्हणायची. पण तीन वर्षं त्याच्याशिवाय समृद्धीचा दिवस गेला नव्हता.

माउस तिने कोपराने बाजूला सारला. कृष्णकांत सरांच्या क्लासचा तो पहिलाच नियम. ‘उंदराच्या मागे लागलीस तर दिवस त्यातच जाईल. सगळं काही बोटांखाली आहे,’ असं सर पहिल्या दिवशी म्हणाले होते आणि माउसची वायरच काढून कपाटात टाकली होती. त्या रात्री ती रडली होती. आता हसू यायचं.

कंट्रोल-होम, यादीच्या माथ्यावर. कंट्रोल-एच, जुना कोड गेला, नवा आला. मग तारखा. आल्ट, डी, एस. साडेतीनशे कंटेनर क्षणात आपापल्या जागी जाऊन बसले. राहिले दोनदा आलेले नंबर.

इथे तिची समाधी लागली. लहानपणी आईने मासळीची पाटी पुढ्यात ओतली की ती अशीच बसायची. बोंबील इकडे, मांदेली तिकडे, कोलंबी टोपलीत. मन मात्र भलतीकडेच. खाडीवरून वारा यायचा, होड्या एकमेकींवर आपटायच्या आणि तिला वाटायचं, आपण पाण्यावरच बसलोय. आताही तसंच झालं. बाणाची कळ खाली, खाली, खाली. तोच नंबर पुन्हा ऐकू आला की कंट्रोल-वजा, ओळ गायब. खुर्ची जणू हळूहळू डुलत होती. उघड्या खिडकीतून गालावर वारा येत होता आणि तिने तोंड तिकडेच केलं होतं.

“अहो समृद्धीबाई!” साहेबांची हाक हेडफोनमधूनही घुसली. “लक्ष कुठंय? एवढं काय आहे खिडकीबाहेर?”

“वारा आहे, सर.”

“वारा नंतर खा. समोर बघा!”

“हो सर.” तिने मान सरळ केली. बोटं थांबली नव्हती.

कमळाबाईंचा झाडू टेबलाखाली खरखरत येऊन गेला. समृद्धीने पाय वर घेतले, पुन्हा खाली ठेवले. शेवटची ओळ. वर जाऊन तिने एकदा सगळी यादी ऐकत ऐकत तपासली. कंट्रोल-एस.

“झालं, सर.”

“झालं? अठराच मिनिटं झालीत!”

साहेब येऊन तिच्या मागे उभे राहिले. कुठलंसं बटण दोन-तीनदा टकटक वाजलं. गेली वाटतं हीसुद्धा!

“कमळाबाई,” ते ओरडले, “ही पिन तुम्ही काढलीत?”

“झाडताना लागलं आसंल, सायेब.”

खाली वाकून त्यांनी काहीतरी खटकन बसवलं. मग माउस टिकटिकत राहिला. समृद्धीने हात मांडीवर ठेवले आणि एकवीरा आईचं नाव घेतलं.

“एकही चूक नाही,” साहेब शेवटी म्हणाले. “कमाल आहे! सोमवारपासून या. पत्र आजच घेऊन जा, सही करून देतो.”

तिला इतका आनंद झाला की खाली उभ्या दादाला इथूनच हाक मारावीशी वाटली. कागदावर पेनाचा करकर आवाज झाला आणि पत्र तिच्या हातात आलं. तिने ते घट्ट धरलं.

“पण एक सांगा,” साहेब म्हणाले. “झाडू लागल्यापासून मॉनिटर बंदच होता. नुसती काळी काच समोर आणि तुमचं आपलं काम चालूच! कुणाला हाक तरी मारायची.”

“बंद होता होय, सर?” समृद्धी आवाजाच्या दिशेने वळली. “मला कसं कळणार? कानातला हा पडद्यावरचं वाचून दाखवतो तेवढंच. मी जन्मापासून आंधळी आहे.”