घरचं सूप

घरात कोणी तापलं की सूप थोरल्या जावेनंच करायचं. "पिढ्यान्‌पिढ्यांची चव," म्हणत सासरे वाटी चाटूनपुसून संपवत. धाकटीचं सूप मात्र दोन घोटांत बाजूला सरकायचं. थोरली कृती सांगताना मुद्दाम काहीतरी गाळते, याबद्दल तिची खात्रीच होती. नाहीतर सूप उकळायला लागलं की हिला नेमके गच्चीवरचे कपडे कसे आठवायचे?

आज सासऱ्यांनाच ताप होता.

"कपडे काढून आण गं," थोरली म्हणाली.

धाकटी जिन्यापर्यंत गेली आणि पावलं न वाजवता परत फिरली. थोरली डब्यामागून पुडी काढून चिमूटभर पूड पातेल्यात सोडत होती.

"हेच लपवता ना माझ्यापासून?"

थोरलीनं आधी दार लोटलं.

"सासूबाईंनी मला कृती कधी सांगितलीच नाही. त्या गेल्या, त्याच आठवड्यात बाबा तापले, तेव्हा मी माझ्या आईचं सूप केलं. पहिल्याच घोटाला ते रडले. म्हणाले, अगदी हिच्या हातचं."

आतून सासऱ्यांची हाक आली, "झालं का गं आपल्या घरचं सूप?"

"आणते, बाबा," धाकटी म्हणाली, आणि पुडी होती तिथे, डब्यामागे सरकवून दिली.