राजा ओ देत नाही

संयोजकानं मानाचा फेटा केरबाच्या डोक्यावर चढवला आणि शेषेराव पाटलांना म्हणाला, "मामा, जरा बाजूला सरका. पाटलांचा फोटो काढायचाय."

जळकोटच्या जनावरांच्या प्रदर्शनात मांडवभर हशा पिकला. चूक तशी संयोजकाची नव्हती. केरबा गोरापान, सरळ नाकाचा, कडक इस्त्रीतला. शेषेराव तव्याच्या बुडासारखे काळे, त्यात सकाळपासून बैल धुऊन गुडघ्यापर्यंत शेण.

"साहेब, पाटील हे हायत," केरबा शांतपणे म्हणाला. "मी त्यांच्याच गावचा. बुद्धविहाराच्या मागं राहतो."

संयोजक ओशाळला. दिलेला फेटा काढून कसा घ्यायचा, ते त्याला कळेना. तो दुसरा आणायला म्हणून जो गेला, तो परत आलाच नाही.

शेषेरावांच्या पोटात तसाही वर्षभराचा जाळ होता. गावात पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पहिला बैल पाटलांचा, हा मान पिढ्यानपिढ्यांचा. गेल्या पोळ्याला त्यांचा राजा ऐन तोरणाशी आला आणि कडेला उभ्या केरबासमोर खुंटासारखा थांबला. कान टवकारलेले, पाऊल उचलीना. तेवढ्यात केरबाचा बैल शेपटी हलवत पुढं निघून गेला. त्या दिवशी शेषेरावांनी पुरणपोळी हातात धरून शपथ घेतली, की केरबाच्या बैलाची चार गावांत नाचक्की करीन तेव्हाच गप बसेन.

आज तो मौका आला होता. दोन देवणी जातीचे बैल शेजारीशेजारी उभे. पांढरं अंग, काळं तोंड, लोंबते कान. राजाच्या अंगावर जरीची झूल, शिंगांना सोनेरी बेगड. केरबानं बैलाची शिंगंसुद्धा रंगवली नव्हती. हरायलाच आल्यासारखा.

"राजा! ए राजा!" शेषेरावांचा पोरगा बजरंग कासरा धरून ओरडला. राजानं ढुंकूनही बघितलं नाही.

"ऐकत नाही का?" परीक्षकांनी विचारलं. ते जनावरांचे निवृत्त डॉक्टर.

"खानदानी हाय," शेषेराव छाती काढून म्हणाले. "बसलिंगप्पा व्यापाऱ्यानं बिदरकडच्या देसायाच्या गोठ्यातनं आणून दिला. आला तसा कोणाच्या हाकेला ओ देत न्हाई. दोनदा तर दावं तोडून पळाला. असली रग अस्सल रक्तातच असती."

डॉक्टरांनी दात, वशिंड, खूर, सगळं निरखलं. "अवघड आहे पाटील. दोघांच्या रंगारूपात तिळभर फरक नाही."

शेषेराव याचीच वाट बघत होते.

"रंगाचं काय घेऊन बसलात? रंग कोणालाबी येतो!" त्यांची नजर बैलावर नव्हतीच. फेट्याखालच्या गोऱ्या कपाळावर होती. "नाक सरळ असलं म्हणून जात बदलती का? आई कोण, बाप कोण, ते विचारा की!"

डॉक्टर अवघडले. "केरबा, ह्याची आई?"

"घरचीच गाय. चांदी."

"आणि बाप?"

"मोकळी चरायला जायची, साहेब. मी काय तिच्या मागं मागं फिरलो न्हाई."

मांडव खदखदून हसला. शेषेरावांच्या मिशा फुलल्या. "ऐकलं? बिनबापाची औलाद!"

"म्हंजे हे अस्सल न्हाई म्हणता, पाटील?"

"ह्याचं काय घेऊन बसला? त्या गाईच्या पोटचं एकबी न्हाई!"

"मग समद्यांला ऐकू येईल असं सांगा की."

शेषेरावांनी माईक ओढून घेतला. "ऐका हो! केरबाच्या चांदीच्या पोटचं एकबी वासरू अस्सल न्हाई! असलं जनावर ज्याच्या दावणीला, त्याची दावण बाटली! त्याला पोळ्याचा मान न्हाई!"

"मागच्यांना ऐकू न्हाई आलं," केरबा म्हणाला.

शेषेरावांनी खुशीत पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तर आपणहून. डॉक्टरांनी मान खाली घालून केरबाच्या बैलाला बाद केलं.

"तिचं थोरलं वासरू बी बाद का, पाटील?" केरबानं विचारलं. "मागं तुमच्या दारात इकायला आणलंतं. माझ्या दावणीचं म्हणून तुम्ही बघितलं बी न्हाई. मग उदगीरच्या बाजारात एका व्यापाऱ्याला दिलं."

"बाद! सात वेळा बाद!" माईक अजून चालूच होता.

केरबानं डोक्यावरचा फेटा सारखा केला, जिभेनं टक् केलं आणि हळूच हाक मारली, "गुलब्या, ये रं लेका."

राजानं मान वळवली आणि हंबरला. मग बजरंगाला कासऱ्यासकट फरफटत, जरीची झूल शेणात लोळवत तो आला आणि सगळ्या मांडवादेखत केरबाच्या खांद्यावर तोंड टेकवून मानाच्या फेट्याचा शेमला चघळू लागला.