उजवा पाय

बारा खुर्च्यांपैकी एक रिकामी होती, आणि वेल्डर कुबड्या टेकत थेट तिकडेच निघाला.

"अगं, हा कुठे चालला?" सासूबाईंनी सुनेचं, वेल्डरच्या बायकोचं, कोपर दाबलं. "मागेच बसायचं ठरलं होतं ना?"

ठरलं होतं. कुणाच्या नजरेत यायला नको म्हणून तिने मुद्दाम दाराजवळचा बाक धरला होता. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्या गुरुवारची चर्चमधली प्रार्थना, मिस्सा होती. दर वर्षी फादर बारा जणांना वेदीसमोर बसवून त्यांचा उजवा पाय धूत, आणि त्या बारा जणांत वेल्डर लग्नाआधीपासून असायचा. पण मध्यंतरी गोदीत लोखंडी तुळई निसटली आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली उरला नाही. त्याच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवायचं फादरना धाडस झालं नव्हतं. त्याला बोलवायचंही नाही.

दवाखान्यातून आल्यापासून तो मोजकंच बोले. जेवणाआधीची प्रार्थना सासूबाई एकट्याच म्हणत. तो ताटाकडे बघत राही. पट्टी बदलायला नर्स आली की आतून दार लावून घेई. बायकोने तो पाय अजून पाहिलेला नव्हता. ती शिवणकाम करणारी. तिला जमलं ते तिने केलं होतं: त्याच्या प्रत्येक पँटचा उजवा पाय वर दुमडून पक्का शिवून टाकला होता. लोंबता कपडा लोकांच्या डोळ्यांवर येतो.

तो खुर्चीत बसला. कुबड्या खाली आडव्या ठेवल्या.

फादर गुडघ्यांवर सरकत एकेकाच्या पायावर पाणी घालत, पुसत पुढे येत होते. वेल्डर आणि ते एकाच आळीत वाढलेले, एकाच चेंडूमागे धावलेले. त्याच्यासमोर आल्यावर त्यांचा हात थबकला. मग त्यांनी परात हळूच डाव्या पायाकडे ढकलली.

"डावा पुढे कर," ते कुजबुजले.

"उजवा धुतात ना?"

"अरे, पण..."

"मग उजवाच धू."

तो काही कुजबुजला नाही. यंत्रांच्या वर आवाज चढवायची सवय लागलेला गळा तो. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. वेल्डर वाकून पँटच्या दुमडीशी झटापट करू लागला. पण ती शिवण त्याच्या बायकोची होती, अशी थोडीच सुटणार! त्याने मान वर केली, बाकांवरून नजर फिरवत तिला शोधलं.

"अगं, इकडे ये. हे उसवून दे."

ती बाकाला धरून बसली. काय करायचं सुचेना. सासूबाईंनीच तिला बाकावरून उठवलं.

"जा," त्या म्हणाल्या. "नवरा बोलावतोय."

मधल्या वाटेने ती कशी चालत गेली, ते तिचं तिलाच ठाऊक नाही. जवळ कात्री नव्हती. तिने गुडघे टेकले, शिवण चाचपली. दुहेरी दोरा, आणि आपल्याच हाताने मारलेली गाठ. ती नखाला दाद देईना. शेवटी तिने मान खाली घातली आणि भर चर्चमध्ये, फादरच्या देखत, दातांनी दोरा तोडला.

कपडा वर सरकवला.

गुडघ्याच्या जरा खाली पाय संपला होता. एवढंच. गुलाबी, ताणलेली, नवी कातडी आणि तिच्यावरून गेलेला आडवा व्रण. बंद दाराबाहेर उभं राहून तिने मनात काय काय रंगवलं होतं! 'टाके सरळ घातलेत,' एवढंच मनात आलं, आणि असं काही आपल्या मनात यावं याचाच तिला धक्का बसला.

फादरनी तांब्या उचलला. "दुखेल का रे?"

"कुणास ठाऊक. नर्सशिवाय कुणाला हात लावू दिलेला नाही."

बाप्तिस्म्याला आणलेल्या बाळाचं डोकं धरावं, तसा फादरनी तो उरलेला पाय तळहातावर घेतला आणि पाणी सोडलं.

वेल्डरचं सगळं अंग शहारलं. त्याने खुर्चीची कड करकचून पकडली. आता हा ओरडणार, असं तिला वाटलं. पण त्याचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. ती इतकी जवळ होती, तरी शब्द कळले नाहीत. ते तिच्यासाठी नव्हतेच. शेवटचं 'आमेन' तेवढं ऐकू आलं. त्याची बोटं एकेक करून कडेवरून सुटली.

फादर टॉवेल विसरूनच गेले होते. तिनेच तो त्यांच्या खांद्यावरून ओढून घेतला आणि पाय पुसला. हलक्या हाताने, कडेकडेने. कातडी ऊबदार होती. त्याच्याच अंगाची ऊब.

"प्रभूची शांती तुझ्याबरोबर असो," फादर म्हणाले.

"तुझ्याहीबरोबर असो," वेल्डर म्हणाला. मग त्याने डोळे उघडले. "पण पुढच्या वर्षी पाणी जरा तापवून आण. बर्फ आहे रे नुसता!"