कानातला मोती

"काय पाणी आहे!" अण्णा म्हणाले. "हा बसऱ्याचाच मोती. पैज लावतो."

मुंबईच्या संग्रहालयात, काचेआड, अडीचशे वर्षांपूर्वीची एक फ्रेंच बाई बसली होती. नुसत्या तांबड्या आणि काळ्या खडूने काढलेली. घरची सराफी पेढी सोडून मी चित्रकला धरली, तेव्हापासून अण्णा माझ्याशी तुटक बोलायचे. आज आले तेही मी हट्टच धरला म्हणून. बाईच्या हातातला मिटलेला पंखा, मनगटावरची लेस, गळ्याची रेशमी फीत, कशाकडे म्हणून त्यांनी पाहिलं नाही. सराफाची नजर सरळ कानावर गेली.

खिशातलं भिंग काढून ते काचेजवळ वाकले, आणि तसेच वाकून राहिले.

"इथं काहीच नाही गं."

"नाहीच. भोवतीची सावली तेवढी काढलीय. मोत्याच्या जागी कोरा कागद आहे."

ते दोन पावलं मागे सरकले. मोती झळकला. पुढे झाले, तर कागद. पुन्हा मागे. खोटा मोती हातात न घेता ओळखणारा माणूस त्या काचेसमोर येरझाऱ्या घालत होता.

"फसवलं की मला," म्हणून ते हसले. मग त्यांनी पुन्हा त्या कानाकडे पाहिलं.

"तुझ्या आईच्या कुड्या आठवतात तुला?"

आई गेल्यापासून त्यांनी तिचा विषय काढला नव्हता. मी मान हलवली.

"तिचं चित्र काढ," माझ्याकडे न बघता, भिंग पुसत ते म्हणाले. "कुड्यांची जागा तेवढी कोरी ठेव."